बिऱ्हाडगाडीतला गारवा

अख्ख्या भोर-वेल्हे भागात सावल्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असलेला माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना आत्या. मामांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्या लेखी एक तर लागते नाही तर सुटते. "नसरापूरच्या पुढचा वड साडेधाला लागतो, सव्वाबाराला सुटतो. त्येच्या म्होरं चिंच हाय, ती बाराची. पन तिचा भरवसा धरू नका, पाव्हणं, तिची सावली इरळ हाय," असं ते मला सांगू लागले, की वड आणि चिंच आता फलाटावर येऊन उभे राहणार असं वाटायचं. मी भोरला कचेरीत बसणारा माणूस, सारा जन्म पंख्याखाली गेलेला. सावलीलाही उशीर झालेला चालत नाही, हे मला लग्नानंतर कळलं.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पारावर बसतात, नातवंडांना शाळेत सोडतात, फारच झालं तर ग्रामपंचायतीला उभी राहतात. मामांनी एका शाळेनं मोडीत काढलेली पिवळी मिनीबस आणून गावी, वरव्याच्या घराच्या अंगणात उभी केली. आतली बाकडी उपटली, दोन खाटा ठोकल्या, शेगडी बसवली, माठाला तिवई केली, मिसळणाच्या डब्याला खिळ्यांचं कुंपण घातलं आणि आरशाच्या वर देवांची सोय लावली. शहरात असल्या गाड्यांना काहीतरी इंग्रजी नाव आहे, ते मी त्यांना सांगूनही पाहिलं. ते म्हणाले, "बिऱ्हाड हाय आन् गाडी हाय. बिऱ्हाडगाडी म्हना की." गावानं म्हातारा आता घर सोडून चालला अशी आवई उठवली, आणि मामांनीही ती काही दिवस खुशाल उठू दिली.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यांचं माहेर वेल्ह्याच्याही पुढं, डोंगराच्या कुशीतलं. लग्न ठरलं तेव्हा मामा नुकतेच ड्रायव्हर झालेले, आणि ऐन तारुण्यात माणूस बोलू नये ते बोलतो, तसं ते बोलून बसले होते, "माझ्या गाडीतनं तुला माहेराला नेईन." पुढं एकतीस वर्षं त्यांची ड्यूटी लागली ती कायम हायवेच्या अंगाला. सारोळ्याचा पूल त्यांनी किती वेळा ओलांडला असेल याचा हिशेब नाही, पण वेल्ह्याची फेरी काही त्यांच्या नशिबी आली नाही. सगळ्या मुलखाची माणसं त्यांच्या गाडीत बसून माहेरी गेली, फक्त घरची राहिली. मुक्कामाच्या गाडीनं, भावाच्या मोटरसायकलवर, लग्नाच्या टेम्पोतून आत्या माहेरी जाऊन आल्या, पण ते जाणं दोघांनीही कधी जमेस धरलं नाही.

मग यात अडचण ती काय, असं कुणीही विचारील. अडचण करवंदांची होती. आत्यांना माहेरी जायचं होतं ते करवंदं खायला, आणि तीही जाळीवरची, हाताला काटे टोचून तोडलेली. हायवेला बायका द्रोणात घेऊन बसतात ती मी एकदा आणून दिली, तर आत्यांनी दोन तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "ग्वाड हायती. पन काटा न्हाई ओ ह्यांला." मी मामांना भाबडेपणानं सुचवलं होतं, की हिवाळ्यात जाऊन या. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मुलगी देताना आपण चौकशी कमी केली असं त्यांना वाटत असावं. "करवंदं काय दिवाळीत पिकत्यात व्हय?" म्हणजे जायचं ते भर वैशाखात. आणि वैशाखात आत्यांचं नाक फुटतं. ऊन डोक्यात गेलं की रक्ताची धार लागते, लहानपणापासूनचं दुखणं. एसी लावायचा म्हटलं, तर एसीच्या हवेनं त्यांची हाडं ठणकतात. पत्र्याची गाडी, वैशाखाचं ऊन आणि आत्यांचं नाक, या तिघांचं एकमेकांशी जमवून देणं हे मामांनी उरलेल्या आयुष्याचं काम म्हणून पत्करलं.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी टपाला चुना दिला. चुन्याचे ओघळ खाली काचांवर आले आणि पिवळी गाडी इतकी पांढरी दिसू लागली, की कापूरहोळला एक बाई दुधाची गाडी समजून चरवी घेऊन मागं लागल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात टपावर भाताचा पेंढा चढवून काथ्यानं आवळला. वेल्ह्याकडची जुनी घरं याच पेंढ्याखाली गार राहायची, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण जुनी घरं धाब्यावर चहाला थांबत नाहीत. कापूरहोळला मामा चहा पिऊन बाहेर येईतो चार म्हशींनी एका बाजूचं छप्पर खाल्लं होतं. मामा म्हशीवाल्याशी भांडले नाहीत. उरलेला पेंढा त्यांनी स्वतःच ओढून म्हशींपुढं टाकला आणि मला म्हणाले, "आर्धी जेवलेली म्हस हाकलू न्हाई."

तिसऱ्या उन्हाळ्यात मात्र त्यांनी गाडी खरोखरच गार केली. टपावर बारदानं अंथरली, त्यांच्या डोक्याशी मोठाले चार माठ बसवले, माठांना बारीक भोकं पाडून त्यांत चिंध्यांच्या वाती घातल्या. पाणी ठिबकत राही, बारदान भिजत राही, खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, त्यांतून येणारा वारा अंगाला लागला की डोळे मिटायचे. सावल्यांचं वेळापत्रक तर तयारच होतं. वडाखाली एवढी मिनिटं, चिंचेखाली तेवढी, मार्गासनीच्या अलीकडं आमराई, तिथं जेवण. अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून गाडीत चढल्या. मीही होतो मागच्या खाटेवर. मामांनी घंटीची दोरीसुद्धा बसवली होती. आत्यांनी ती दोनदा ओढली आणि लाजल्या, आणि गाडी सुटली.

आता यात चूक झाली ती मामांच्या स्वभावाची. चेलाडीच्या फाट्यावर ठिबकणारे माठ पाहून एका म्हाताऱ्यानं हात केला. त्याला वाटलं, फिरती पाणपोई आहे. एसटीच्या ड्रायव्हरानं हात केलेल्या माणसाला टाळून जायचं नसतं, असं मानणारी मामांची जात, ते थांबले. त्याला तांब्याभर पाणी दिलं, मग त्याच्यामागच्या बाईला, मग तिच्या पोरांना, नसरापूरला तर बाजारातून परतणाऱ्या बायांच्या कळशाच पुढं आल्या. मी म्हटलं, "मामा, नाही म्हणा ना." ते म्हणाले, "पान्याला न्हाई म्हनायचं? कुठं फेडू?" वड सुटला, चिंच सुटली. आंबवणे गावाच्या पुढं माठ कोरडे खडखडीत झाले, बारदानं वाळून पापडासारखी वाजायला लागली, पत्रा तापला आणि आत्यांनी हळूच पदर नाकाला लावला. पदर लाल झालेला मामांनी आरशात पाहिला. त्यांनी गाडी थांबवली, कांदा फोडून हुंगायला दिला, स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं उरलंसुरलं पाणी आत्यांच्या टाळूवर ओतलं. आत्या म्हणत होत्या, "अवो, तुमची गाडी न्हाई वाईट, माझं नाकच तसलं." मामांनी गाडी माघारी वळवली. वरव्यापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि प्रत्येक थांब्याचं नाव पुकारायची सवय असलेला माणूस गप्प बसला, की ते ऐकवत नाही.

पुढच्या माघात आत्यांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर, गाडीच्या चाकाशी, दोडक्याच्या चार बिया टोचल्या. मामांचा बारदानं भिजवण्याचा सराव अंगणात रोज चालूच होता. वेलीला ओल मिळाली आणि आधार मिळाला. चैत्रापर्यंत तिनं चाकं धरली, दारं धरली, टप झाकून टाकला. आतली तळाची फळी आत्यांनी शेणानं सारवली. मी मे महिन्यात दुपारी एका कामाला म्हणून गेलो, घटकाभर टेकावं म्हणून आत शिरलो, तो चार वाजताच उठलो. बाहेर अंगणातली मातीसुद्धा तापून पांढरी पडली होती, आणि आत अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटत होतं. मामा दारात उभे होते. "जमलं, पाव्हणं," ते म्हणाले.

जायचा दिवस ठरला. सकाळी मामा वेल सोडवायला कोयता घेऊन उभे राहिले, आणि आत्या आडव्या झाल्या. वेल पिवळ्या फुलांनी भरली होती, खाली बोटाएवढे दोडके लटकत होते. "फुलावर आलेली वेल कापत न्हाईत," आत्या म्हणाल्या, "आपल्यात कवा कापली हाय का?" मामांनी वेलीकडं पाहिलं, आत्यांकडं पाहिलं. मग कोयता खोपटात ठेवला आणि म्हणाले, "बरं. फुडल्या वैशाखात." मी म्हटलं, माझी गाडी आहे, खिडक्या उघड्या ठेवू, भल्या पहाटे निघू. आत्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीनं म्या कवाच गेली असती, जावईबापू." पुढच्या माघात मी पाहिलं, तर आत्या पुन्हा त्याच जागी, त्याच चाकाशी बिया टोचत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, जरा पलीकडं लावा की. गाडी अडते ना."

त्यांनी आधी मामा जवळ नाहीत ना, ते पाहिलं. "अडावी म्हनूनच लावती," त्या म्हणाल्या. "त्यांस्नी उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई आता. डाक्टरनं हात टेकलं. त्या दिवशी आंबवण्याचं वळण त्यांस्नी दिसलंच न्हाई, म्या 'वळण' म्हनून वरडले तवा चाक फिरवलं. तुमी मागं झोपला हुता. नाक फुटलं ते बरंच झालं म्हना. फुडं घाट हाय." मी विचारलं, "मग चालवू नका असं त्यांना सांगत का नाही?" त्या म्हणाल्या, "डायवरला कसं सांगायचं, दिसत न्हाई, चालवू नका म्हनून? गाडी गार झाली न्हाई, येल फुलावर आली, म्हनून जानं ऱ्हायलं, असं त्यांस्नी वाटू दे. तुमी बोलू नका." आणि चौथी बी टोचून त्यांनी वर माती सारली. मी आजवर बोललो नाही. गाडी गार करण्यापायी मामांनी चार उन्हाळे घातले आणि ती गार झाली तेव्हा जागची हलेनाशी झाली, याचं मला आधी हसू यायचं. आता येत नाही.

गेल्या वैशाखात भर दुपारी मी वरव्याला गेलो. घर उघडं, आत कुणी नाही. अंगणात गाडीच्या दारावरची वेल बाजूला करून मी डोकावलो. आत्या खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. मामा ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते, चाकावर दोन्ही हात. पुढची काच वेलीनं पार झाकलेली, हिरवा उजेड त्यांच्या तोंडावर पडलेला. त्यांचेही डोळे मिटलेले होते. "मार्गासनी," ते पुकारले. थोडा वेळ गेला. "विंझर." हात सवयीनं एका बाजूला वळले, पायानं क्लच दाबला. मला पुढं पाऊल टाकवेना.

"कुठवर आलं?" आत्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"वेल्हं मागं टाकलं. घाट लागला."

"हळू घ्या."

"हळूच हाय."

टपावरचं पाणी ठिबकत होतं. मग आत्या म्हणाल्या, "करवंदं दिसली का वो?"

"दिसली की. डाव्या अंगाला. काळी झालीत नुसती."

"मंग थांबवा."

आत्यांनी हात वर करून घंटीची दोरी एकदा ओढली, आणि मामांनी ब्रेक दाबला.