आईच्या फोनवरचा संसार

"माझी बायको मला कॅनडात नेणार आहे." हे वाक्य मी वडीगोद्रीत, हायवेवरच्या माझ्या ठिबकच्या दुकानात बसून कितीतरी जणांना ऐकवलं. पाइप घ्यायला आलेला माणूस आधी ऐकायचा, मग हसायचा. हसला की मी मुद्दाम पुन्हा म्हणायचो. मला राग लवकर येतो, आणि या बाबतीत तर तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा.

"म्हंजे तू सुनेसारखा नांदायला चालला म्हण की," एक जण म्हणाला.

"हो, नांदायला चाललो. चांगलं घर भेटलं," मी म्हणालो आणि त्याला पाइपाचा एक रुपया कमी केला नाही.

बायको मूळची भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. आईवडील दुसऱ्यांच्या शेतावर जाणारे, आणि ही जालन्याला राहून नर्स झालेली. लग्नानंतरही तिनं जालन्यातल्या दवाखान्यातली नोकरी सोडली नाही. परदेशी जायच्या परीक्षेचा अभ्यास तिनं आमच्याच घरात, चुलीपुढं आणि एसटीत बसून केला. पहिल्या झटक्यात पास झाली. मी तिला काय शिकवणार? तिचं इंग्रजी ऐकून मीच गप्प बसायचो, आणि आतून छाती फुगायची.

ती जायची ठरली तेव्हा भावकीतल्या बायका आईभोवती गोळा झाल्या. पोराला सोडून सून चालली, आता कशाची परत येती, असा सगळा सूर होता.  आई सुनेच्या बॅगेत लसणाची चटणी भरत राहिली. निघताना बायको तिच्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्याबाई, मी फोन तुमच्याच फोनवर करीन. मंग लोकांनी इचारलं तर तुमच्यापाशी उत्तर असंल."

तिनं शब्द पाळला. तिकडं संध्याकाळी तिची ड्युटी सुटायची, तेव्हा आमच्याकडं सकाळ व्हायची. आई गाईखालून उठलेली असायची. फोन वाजला की ती ओले हात पदराला पुसून व्हिडिओ लावायची. आधी आई बोलायची, मग वडील, आणि सगळ्यात शेवटी मी. आमच्या घरात यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. थोरल्यांच्या आधी नवऱ्यानं फोन हिसकावणं बरं दिसत नाही, एवढंच आम्हाला माहीत.

पुढं तिला तिथं कायम राहायचा परवाना मिळाला आणि तिनं माझ्यासाठी अर्ज भरला. अर्जात ती माझी स्पॉन्सर, म्हणजे माझी हमी घेणारी. वडिलांना हे काही केल्या पटेना. "घराचा कर्ता मी हाय. माझं नाव टाक. सातबारा जोडू," ते म्हणाले. त्यांना समजावता समजावता मी हात टेकले. शेवटी बायकोनंच फोनवर सांगितलं, की दादा, तुम्ही कर्ते आहातच, पण तिथल्या सरकारला कर भरते मी. वडिलांनी सातबारा परत पेटीत ठेवला. मग म्हणाले, "बराबर हाय. भर तू."

इकडचे कागद गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. लग्नाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, डॉक्टरी तपासण्या, सगळं मी धावपळ करून मिळवलं. नवराबायकोचं नातं खरं आहे हे दाखवायला फोटो आणि फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी मागितल्या होत्या. ते तर सोपं, असं मला वाटलं. लग्नाच्या अल्बममधले मी चांगले भारदस्त फोटो निवडले. प्रत्येक फोटोत आमच्या दोघांच्या मध्ये कोणीतरी उभं होतं. एकात माझे मामा, एकात तिचे मामा, एकात दोघंही मामा आणि आहेरातला मिक्सर. आम्ही दोघंच जवळ उभे असलेले दोन-चार फोटो होते, ते मी बाजूला ठेवले. तिकडच्या साहेबाला कशाला असले फोटो पाठवायचे, काही लाज आहे की नाही? आणि नोंदी पाठवल्या त्या माझ्या फोनच्या. नवरा मी, तर फोन माझाच दाखवायला हवा, असा माझा सरळ हिशोब.

काही महिन्यांनी तिकडून पत्र आलं. भाषा मोठी सभ्य होती, पण अर्थ असा, की तुम्ही दोघं खरोखर नवराबायको म्हणून राहता यावर आमचा विश्वास बसत नाही. महिन्याच्या आत आणखी पुरावा द्या, नाहीतर अर्ज फेटाळू.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वडील तर अंगणात फेऱ्या मारायला लागले. "गावजेवण घातलं. धावड्याहून टेम्पो भरून माणसं आल्ती. अन् हे इचारून राह्यले, लग्न खरं का खोटं? बोलाव त्याला इकडं, गाव उभं करतो!"

बायकोनं मात्र मी पाठवलेली फाइल उघडून बघितली आणि फोनवर कपाळाला हात लावला. "अहो, तुमच्या फोनचा कागद कशाला पाठवला? मी तुमच्या फोनवर कधी बोलले का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या साहेबापुढं जो नवरा आला होता त्याला त्याची बायको कधी फोनच करत नव्हती. मेसेज म्हणाल तर तेही तसलेच. 'जेवलात का.' 'हो.' 'लाइट आली का.' 'न्हाई.' एखाद्या कचेरीनं दुसऱ्या कचेरीला लिहावं तसं. आणि फोटोत दोघांच्या मध्ये मामा. त्याच्या जागी मी असतो तरी मला शंका आली असती.

पण हसायची ती वेळ नव्हती. अर्ज फेटाळला गेला असता तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि ती तिकडं एकटी. तिनं वडिलांपुढं आवाज नीट ठेवला, पण फोन माझ्या हातात आल्यावर म्हणाली, "मला आता एकटीला जेवण जात न्हाई."  गाव काय म्हणेल याची भीती मला नव्हती. ती तिथं ताटावरून उठते, याची होती.

आईच्या फोनमधल्या सगळ्या नोंदी काढल्या. एकही दिवस मोकळा नव्हता. पण फोन आईचा, नाव आईचं. ती बोलणी आमची कशी, हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं. म्हणून मी आईला आणि वडिलांना घेऊन अंबडला गेलो. तिथं माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत. त्यांनी आईला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढंच सांगा. मी इंग्रजीत करते."

मला वाटलं होतं, आई दोन वाक्यं बोलेल आणि बाकीचं मला विचारेल. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"लिहा बाई," ती म्हणाली. "माझी सून गेली तवापासून तिचा फोन एक दिवस चुकला न्हाई. आधी मला इचारती, गुडघा कसाय. मंग ह्याच्या बापाला इचारती, गोळी घेतली का. मंग म्हणती, 'द्या आत्याबाई.' कोणाला द्या ते म्हणत न्हाई. मी ह्याला देते. फोन हातात आला की हा घरात थांबत न्हाई. मोसंबीच्या बागेत जातो, पार हिरीपर्यंत, अन् गावाकडं पाठ करून बसतो. मी त्याचा चहा झाकून ठेवते. येतो तवा चहाचं पाणी झालेलं असतं. एरवी चहा कोमट झाला तर कप सरकून देणारा माणूस हा. पण तो चहा मुकाट पितो. थंड हाय, असं कधी म्हणला न्हाई."

कीबोर्डवरची वकीलबाईंची बोटं थांबली होती. आई थांबली नाही.

"ज्या दिशी ती तिकडं रडलेली असती, त्या दिशी हा दुकानात कोणाशी तरी भांडून येतो. मला कोणी सांगावं लागत न्हाई. दुसऱ्या दिशी मी तिला इचारते, काल काय झाल्तं गं? ती म्हणती, काही न्हाई. पण झालेलं असतं. आता हे नवराबायको न्हाईत तर कोण हाईत, ते तुमच्या साहेबानं मला सांगावं."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते मला कुणाला दाखवायचे नव्हते. एवढी वर्षं मी समजत होतो की घरात कुणाला काही कळत नाही. वडील घसा खाकरून म्हणाले, "तिनं सांगितलं ते बिलकुल खरं हाय. माझीबी सही घ्या."

परत येताना गाडीत त्यांनी आईला हळूच विचारलं, "आपल्याला कोणी पुरावा मागितला असता तर काय सांगितलं असतं?"

"तुमचा चहा मी कधी थंड होऊ दिला का?" आई म्हणाली. वडील वडीगोद्री येईपर्यंत मिशीत हसत होते.

आईचं म्हणणं, फोनच्या नोंदी आणि ते बाजूला ठेवलेले फोटो, लाज गुंडाळून ठेवून, सगळं तिकडं पाठवलं. पुढं मंजुरी आली. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी पेढा दिला, नांदायला चालला म्हणणाऱ्याला दोन दिले. भावकीतल्या बायका घरी आल्या. आईनं त्यांना बसवलं, चहा पाजला आणि एवढंच म्हणाली, "माझ्या सुनेनं पोराला बोलावलं." ते म्हणताना तिची मान जशी ताठ होती, तशी मी माझ्या लग्नातही बघितली नव्हती.

आता आम्ही दोघं कॅनडात आहोत, आणि बायको नागरिकत्वाचा अर्ज भरते आहे. रकाना आला की मोठ्यानं वाचते, मी कागद शोधून देतो. पण मला आठवते ती इथली पहिली संध्याकाळ. ती ड्युटीवरून आली आणि बूटही न काढता तिनं आईला व्हिडिओ लावला. आधी आई बोलली, गुडघ्याचं. मग वडील, गोळीचं. मग बायकोनं फोन माझ्या हातात दिला आणि मी सवयीनं उठलो, दार उघडलं, बाल्कनीत जाऊन घराकडं पाठ करून उभा राहिलो.

फोनमध्ये आई हसायला लागली.

"आरं, आता कुठं चालला? जिच्यासाठी बागेत पळत होता, ती घरात हाय न. जाय आत. चहा गरम पी."