साबणात बसवलेला कोयंडा

मेश्राम काका कुठलीही वस्तू दुरुस्त करायला घेण्याआधी तिला कान लावायचे. मोडकी खुर्ची असो की करकरणारं कपाट, डोळे मिटून बोटानं दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "हे कोण वापरते?" उत्तर मिळाल्याशिवाय हत्याराला हात लावत नसत. मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं.

काका वर्ध्याकडचे, आम्हीही तिकडचेच. लखनऊला छावणीच्या मागे पाच घरांचं सामाईक अंगण होतं, त्यात आमची दारं समोरासमोर. ते अमौसीच्या विमानतळावर फिटर होते. पहाटेची पाळी करून दोनला घरी यायचे. एकटेच राहायचे. सैल स्क्रूच्या भोकात गूल काढलेल्या आगकाड्या कोंबायच्या आणि मग स्क्रू पिळायचा, अडकणाऱ्या ड्रॉवरला मेणबत्ती घासायची, चिरलेली प्लास्टिकची बादली तापल्या चमच्यानं सांधायची, हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. "बाजारात कायले जाता? घरातच सगळं पडून राहते," म्हणायचे. अंगणातली एकही वस्तू त्यांनी टाकू दिली नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास बाबा गेले आणि मी आईला माझ्याकडे आणलं. वर्षभरात तिचा विसर वाढत गेला. मी ऑफिसात टायपिंग करत असताना ती घराबाहेर पडायची. दोनदा छावणीच्या रस्त्यावर सापडली, अनवाणी. एकदा तर मिलिटरीचा ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्या दिवशी मी ठरवलं की बाहेरून कुलूप लावून जायचं. दाराचा जुना कोयंडा निखळला होता, म्हणून काकांना बोलावलं.

त्यांनी दाराला कान लावला. "आत कोण राहीन?"

"आई."

त्यांनी दार एकदा उघडून लावून पाहिलं. मग म्हणाले, "माय घाबरली, तर?"

"काका, ती ट्रकखाली गेली तर?" मी जरा फटकळपणेच बोलले.

दहा मिनिटांच्या कामाला त्यांनी तास लावला. दार बाहेर उघडणारं होतं. नवा कोयंडा चौकटीवर अगदी सरळ बसला होता. दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावून गेले. संध्याकाळी आले, तर कुलूप जसंच्या तसं, दार बंद, आणि आई बाहेर पायरीवर बसलेली.

"कशी आलीस गं बाहेर?"

"त्या बाईनं उघडलं," आई म्हणाली. "हिरव्या लुगड्यातली. लई दमलेली दिसते बिचारी."

असं चार-पाच दिवस चाललं. शेजारची मिश्राइन म्हणाली, "बिटिया, ई ऊपरी चक्कर है," आणि दारावर लिंबू-मिरची बांधून गेली. बाबांनी असलं काही घरात कधी येऊ दिलं नव्हतं. तरी मी ते सोडलं नाही, हे कबूल करते.

मेमधल्या एका रविवारी, भर दुपारी, भाजून काढणाऱ्या गरम वाऱ्याची लू सुटलेली असताना मी दार पुसत होते. कोयंड्याला फडकं अडकलं आणि कोयंडा चक्क हातात आला. स्क्रूंना पांढरट थर होता आणि साबणाचा वास येत होता. भोकांमध्ये काड्या नव्हत्याच, साबण भरलेला होता. आतून म्हातारीनं जोर लावला तरी स्क्रू सरकून बाहेर येतील, आणि बाहेरून दार लोटून घेतलं की पुन्हा जागी बसतील. आईला दार लोटून घ्यायची जन्माची सवय.

मी तो कोयंडा घेऊन तडक समोर गेले. अशी चिडले होते की चप्पलही घातली नाही. काका खाटेवर बसले होते. कोयंडा बघून म्हणाले, "बस, सुनंदा."

"कानपूरले होतो तवाची गोष्ट," काका सांगू लागले. "माह्या बायकोनं, सरितानं बाळंतपणात लेकरू गमावलं होतं. कुठंबी निघून जाये. मी बी कुलूप लावून कामावर जायचो. कोयंडा मीच बसवला होता. लई घट्ट. एक दिवस बदलीचा माणूस आला नाही, दुसरी पाळी मलेच करा लागली. वर टिनाचं छप्पर, असाच मे महिना. घरी आलो तं ती दारापाशीच पडून होती. सगळ्यायले सांगितलं, लू लागली. खोटं नव्हतं ते. कुलपाचं तेवढं सांगितलं नाही. तिच्या मायबापायले बी नाही."

मी विचारलं, "तिचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं?"

"हिरवं," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी आईच्या त्या बाईबद्दल तोवर काहीच ऐकलं नव्हतं. ते मीच त्यांना तिथे सांगितलं.

कुलूप मी काढून टाकलं. सकाळी मिश्राइन आईवर लक्ष ठेवू लागली, दोननंतर काका. आईजवळ बसून ते रोज विचारायचे, "माय, आज आली होती का?" आई कधी हो म्हणायची, कधी मान हलवायची. सुट्टीच्या दिवशी भरदुपारी त्या दोघांना रिकाम्या दाराकडे बघत बसलेलं पाहिलं की माझ्या अंगावर काटा यायचा. एक दिवस आई म्हणाली, "आली होती ना. तुमचंच विचारत होती, भाऊ. ते बाहेर कधी येतील म्हणे."

काका तिथेच गुडघ्यांत डोकं घालून रडले. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सासुरवाडीला गेले.

आठवड्यानं परत आले ते पिशवी घेऊन सरळ आमच्याच दारात. "सगळं सांगितलं," मला म्हणाले. "म्हातारा उठला अन् आत निघून गेला. सासू म्हणे, जेवून जा." मग आईसमोर उकिडवे बसले. "माय, ती आली होती का?"

आईनं त्यांच्याकडे नवख्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "कोण बाई?"

त्यांनी तिला हिरव्या लुगड्याची आठवण करून दिली. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. आई पदराचं टोक चाळवत राहिली.

"जाऊ द्या ना काका," मी म्हटलं.

"तिले सांगायचं होतं," काका म्हणाले, "जाऊन आलो म्हणून."