कोपरावर गुंडाळलेला हार

देवळीजवळच्या एका गावात, शाळेच्या इमारतीत, आम्हा मुलींचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. सकाळी झाडलोट, विहिरीवर आंघोळी, आळीपाळीने भाकऱ्या थापणं आणि दुपारभर टकळीवर सूतकताई. घरी मी आयत्या ताटावर बसणारी, पण तिथे बोटं भाजली तरी खूष होते.

शेवटच्या दिवशी न्यायला येणाऱ्या घरच्या माणसाच्या गळ्यात प्रत्येकीने स्वतःच्या सुताचा हार घालायचा, असा तिथला रिवाज. माझे बाबा यायचे होते, आणि माझ्या टकळीवर सूत जमेल तर शपथ. कोरड्या झळांनी धागा वीतभर निघाला की तुटे. मी टकळी आपटायचे, पोरी हसायच्या, मग मी त्यांच्यावर खेकसायचे.

शिबिर संपत आलं तसं आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसता उकाडा. सगळ्या जणी 'मेले गं बाई' करत फरशीवर आडव्या. गुरुजी दारातून म्हणाले, "पोरीहो, निजून काऊन राह्यल्या? हवा दमट झाली, आता धागा तुटत नाई."

मी टकळी फिरवली. धागा हातभर आला आणि खरंच टिकला. नाकावरून घाम टपकत होता, आणि मला आनंदाने रडू येत होतं.

तरी सूत थोडंच भरलं. बाकीच्यांसारखं फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या लाकडी चौकटीवर, गुंडाळून लांब हार केला असता तर तो दोऱ्यासारखा दिसला असता. मी शक्कल लढवली. तळहात आणि कोपर यांभोवती सूत गुंडाळलं. हार चांगला जाडजूड झाला, आणि मी तो सगळ्यांना दाखवत फिरले.

बाबा आले. कचेरीतले कारकून, कडक माणूस. ते वाकले आणि हार त्यांच्या टोपीवरच अडकला. कितीही ओढला तरी खाली येईना. पोरी खिदळू लागल्या. माझं तोंड एवढंसं झालं.

"राहू द्या बाबा, लहान झाला," मी पुटपुटले.

"राहू काऊन देऊ? माह्या पोरीनं कातला हाये."

घरात आम्हा भावंडांसमोरही न उतरणारी टोपी त्यांनी काढली. त्यांना टक्कल आहे हे मला तेव्हा कळलं. हार कान दुमडत कसाबसा गळ्यात उतरला. परतताना प्रवासी मोटारीत ओळखीची माणसं भेटली, तरी वर्धा येईपर्यंत बाबांनी हार काढला नाही, आणि टोपीही घातली नाही.