झोहर हमामात गेलीय

फुकटात राबणाऱ्या माणसाचा बतूलला मनापासून संशय येई. आणि तमू तर पगाराचं नावही काढत नव्हती.

आई, झोहर, गेल्याला चाळीस दिवस झाले, चाळिसावं झालं आणि दुसऱ्याच सकाळी ही बाई दारात उभी. गल्लीच्या टोकाच्या हमामात बायकांच्या पाठी चोळणारी, आवाज असा की सगळ्या फेस शहराने ऐकावा. "तू शिवणाच्या दुकानात जा, म्हाताऱ्याला मी बघते," म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. भरल्या हमामाचं काम सोडून!

बतूल नाही म्हणणार होती. पण बाबांनी, सी लार्बींनी, अन्न टाकलं होतं. म्हातारपणी त्यांच्या ध्यानात काही राहत नसे. रोज विचारत, "झोहर कुठाय?" बतूल रोज खरं तेच सांगे. मरणाच्या बाबतीत खोटं बोलणं तिला पाप वाटे. म्हातारा रोज नव्याने ऐके, नव्याने रडे आणि वाडगा सरकवून देई.

तमू आली आणि ते जेवायला लागले. इथेच बतूलच्या मनात पाल चुकचुकली. पोटच्या मुलीच्या हातचं घशाखाली उतरत नाही, मग हिच्या हातचं कसं उतरतं?

समोरच्या लल्ला घिताने आगीत तेल ओतलं. "घर केवढं आहे ते बघ की! आज बादली घेऊन आलीय, उद्या काझीला घेऊन येईल. नवी आई मिळतेय तुला, चांगली जाडजूड."

"काहीतरीच काय, लल्ला!"

"मी आपलं बोलून मोकळी झाले. कपाट तेवढं तपास."

बतूलने तपासलं. बांगड्या होत्या, कफ्तान होते. नव्हतं ते आईचं हमामाचं गाठोडं: पितळी तांब्या, पाठ घासायचा हातमोजा, निळ्या काठाचा टॉवेल. बांगड्या सोडून टॉवेल कोण चोरतं? मेलेल्या बाईच्या अंगाला लागलेलं कापड कशाला लागतं, हे फेसमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. करणी! म्हणूनच म्हातारा हिच्या हातचं खातो.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली आणि चोरपावलांनी जिना चढून गच्चीवर गेली. दोरीवर आईचा टॉवेल होता. ओलाचिंब.

तिच्या अंगावर काटा आला. तिने तो ओढून काढला आणि केस धुवायच्या घासूल मातीचा, संत्र्याच्या फुलांचा वास नाकात शिरला. दर गुरुवारी आई न्हाऊन, गाल लाल करून घरात यायची तेव्हा हाच वास यायचा, आणि बाबा अंगणातूनच ओरडायचे, "बस्सहा, झोहर!" न्हाऊन आलेल्याला म्हणायचंच असतं ते, पण बाबा ते लाडाने म्हणत. बतूलने चटकन मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. ती भडभडून रडली.

खालच्या अंगणातून बाबांचा आवाज आला. "झोहर कुठाय?"

"कुठे असणार? हमामात!" तमू म्हणाली. "आत्ताच पाठ चोळून आले तिची. टॉवेल वाळत टाकलाय, वास येत नाही का? तिच्या गप्पा संपतायत होय! म्हणाली, सी लार्बी जेवले नसतील तर घरी येऊन बघतेच."

बाबा हसले. "गेली की संध्याकाळ करते. लग्न झाल्यापासून हेच." चमचा वाडग्यावर वाजू लागला.

बतूल तरातरा खाली उतरली. तमूला जिन्यापाशी गाठून दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्या बापाशी खोटं बोलता?"

"बोलते. रोज बोलते. तू रोज त्याची बायको मारतेस, मी रोज तिला आंघोळ घालते. पाप लागलं तर मला लागू दे." तमूचा तो दणदणीत आवाज एकदम फाटला. "जन्मभर ती पाठ माझ्या हाताखाली होती गं. तुझ्या एकटीची नाही गेली ती."

तेवढ्यात बाबांनी तिच्या हातातला टॉवेल पाहिला आणि चमचा खाली ठेवला.

"बतूल, आली का तुझी आई?"

वाडग्यात अजून निम्मं हरीराचं सूप होतं.

"नाही बाबा," बतूल म्हणाली, "केस धुतेय अजून. मला म्हणाली, तू हो पुढे."

"तू पण गेली होतीस होय? मग बस्सहा, पोरी!" त्यांनी आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरला. "बस, खाऊन घे. आणि तोंड पूस आधी, ओलंच आहे अजून."