नाशपातीच्या बागेचं नदीकाठचं कुंपण

इतकी वर्षं लोटली, पण कावासाकीतल्या त्या नाशपातीच्या बागेचं नदीकाठचं कुंपण मी विसरू शकलेलो नाही. गुन्हा म्हणाल तर किरकोळ, कोणीतरी तार तोडल्याची फिर्याद. आमच्या ठाण्यात ती आली असती, तर अदखलपात्र म्हणून नोंद घेऊन ठाणे अंमलदाराने फिर्यादीला वाटेला लावलं असतं.

नव्वदच्या दशकात, मी पोलीस निरीक्षक असताना, आमच्यातल्या काही अधिकाऱ्यांना जपानमधली चौकीची पद्धत पाहायला पाठवलं होतं. माझ्या वाट्याला कावासाकीच्या उत्तर भागातली एक चौकी आली. तिथले लोक चौकीला कोबान म्हणतात. चौकीचे प्रमुख पन्नाशीतले, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांचं पद वेगळं होतं, पण मी त्यांना जमादारच म्हणतो. नावं मी कोणाचीच देणार नाही. आमच्यात दुभाषी म्हणून पुण्याच्या एक बाई होत्या. जपानी गृहस्थाशी लग्न करून त्या तिथे कायमच्या राहिल्या होत्या. मला अर्थातच कसलाही अधिकार नव्हता. बघायचं, विचारायचं आणि शिकायचं.

सकाळी जमादार स्वतः चौकीपुढचा रस्ता झाडत. मग सायकलवरून गस्त. रस्त्यात भेटेल त्याची दोन शब्दांत विचारपूस करत. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची मुलगी परगावी शिकायला गेली, हे त्यांना तोंडपाठ असे. तो भाग एका बाजूने शहर, दुसऱ्या बाजूने शेती असा होता. रेल्वे स्टेशनापासून थोडं चाललं की नाशपातीच्या बागा लागत. आपल्या सांगलीकडच्या द्राक्षबागांसारखेच तारेचे मांडव. बागा संपल्या की नदीचा बांध, बांधावर फिरायची वाट आणि पलीकडे नदी. नदीच्या त्या काठापासून तोक्यो सुरू होतं.

ऑगस्टमध्ये, फळं उतरवायच्या दिवसांत, सत्तरीचे एक बागाईतदार चौकीत आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तारेचा तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला. नदीकडचं कुंपण कोणीतरी पुन्हा तोडलं होतं. जोडलं की तोडलं जात होतं.

"नदीच्या खात्याचे लोक म्हणतात, बांधावर काही उभारायचं नाही, पुरात अडकेल," ते म्हणाले. "शेजारीण म्हणते, बाग तुमची, कुंपणही तुमचंच. पण माणसं येतात ती नदीच्या वाटेने. मग त्यांना अडवायची जबाबदारी माझ्या एकट्याची कशी? एकदा काय ते ठरवून टाका."

"कुंपण कोणी घालायचं हे पोलीस ठरवत नाहीत," जमादार म्हणाले. "कोणी तोडलं, तेवढं आम्ही शोधू."

खबर मिळायला वेळ लागला नाही. ती शेजारणीनेच दिली. बागेला लागून ह्या बाईंचा भाजीचा मळा होता. पहाटे पालक खुडताना त्यांनी एका भारतीय माणसाला त्या तुटक्या कुंपणाशी पाहिलं होतं, आणि तेही एकदाच नव्हे. त्या भागात भारतीय माणूस म्हणजे एकच. जवळच्या संशोधन संस्थेत काम करणारा एक तरुण शास्त्रज्ञ. तो मराठी निघाला.

त्याला चौकीत बोलावलं. अटक नव्हती, चौकशीपुरतंच. जपानी त्याला बऱ्यापैकी येत होतं. नाव, पत्ता, काम, सगळं त्याने नीट सांगितलं. कुंपणाचा विषय निघाला की मात्र तो गप्प बसे. शेवटी जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या भाषेत विचारून पाहा."

मी मराठीत बोलल्यावर तो क्षणभर चमकला. मग म्हणाला, "सर, तार मी तोडलेली नाही. त्यापुढचं प्लीज विचारू नका."

"पहाटे बागेत काय करत होता?"

"बागेत नव्हतो. कुंपणापाशी होतो."

"एकटेच?"

तो टेबलाकडे बघत राहिला.

"तुमचा व्हिसा नोकरीवर आहे. प्रकरण वाढलं तर संस्था तुम्हाला ठेवणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय, सर. चौकीचं बोलावणं आल्यापासून घरी बायको हेच सांगतेय." त्याने कपाळ पुसलं. "पण मी एका माणसाला शब्द दिलाय." मग तो खुर्चीत पुढे सरकला. "ती तार जोडली का त्यांनी?"

"का?"

"सहज."

जाऊ दिलं तेव्हा तो दारात थांबला आणि पुन्हा म्हणाला, "वादळ येतंय म्हणतात. वरच्या अंगाला पाऊस झाला की ही नदी भराभर चढते. सर, त्यांना कुंपण आजच दुरुस्त करायला सांगा."

नोकरीत मी अनेक चोर पाहिले. आपण शिरलो ती वाट बंद झाली का, याची काळजी करणारा चोर मला भेटला नव्हता. मी हे जमादारांना सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि सायकल काढली.

आम्ही जागेवर गेलो. बागाईतदार फळं घेऊन बाजारात गेले होते. पंचनाम्याला बसावं तसे जमादार कुंपणापाशी उकिडवे बसले. बाहेरून तार कापणारा खांबाजवळ, खालच्या बाजूला कापतो, म्हणजे पटकन दिसत नाही. इथे तार दोन खांबांच्या मधोमध, कमरेच्या उंचीवर कापली होती आणि तिची टोकं नदीकडे वळलेली होती. कापणारा बागेच्या आत उभा होता. छाटणीच्या कात्रीने एकाच तारेवर चार-पाच ठिकाणी चावे घेतले होते. हातात जोर नव्हता. आतल्या ओल्या मातीत लहान चपलांचे ठसे होते, घरात घालायच्या चपलांचे.

जमादारांनी एका ठशाशेजारी आपली वीत ठेवून पाहिली. मग घराकडे वळले आणि बागाईतदारांच्या सुनेला अंगणात बोलावलं. आवाज न चढवता त्यांनी एकच प्रश्न विचारला. दुभाषी बाईंनी तो मला हळू आवाजात सांगितला, "सासूबाई रात्रीच्या नीट झोपतात का?"

सुनेने आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग तिने सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंना वर्षभरापासून आठवत नव्हतं. कधी सुनेला बहीण म्हणत, कधी स्वतःच्या नवऱ्याला ओळखत नसत. त्यांचं माहेर नदीपलीकडचं. त्या तरुण होत्या तेव्हा त्या ठिकाणी नदी ओलांडायला नाव चालायची आणि त्या नावेनेच त्या माहेरी जायच्या. नाव बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण अलीकडे पहाटे जाग आली की त्या कात्री घेऊन बागेतून नदीकडे निघत. पहिली नाव गाठायची असे. वाटेत कुंपण आलं की कापायच्या.

एकदा त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. बांधावर फिरायला आलेल्या त्या मराठी तरुणाने त्यांना बाहेर काढलं आणि हात धरून घरी आणलं. सुनेने त्याच्या पायाशी वाकून विनवलं होतं, कोणाला बोलू नका. तेव्हापासून तो रोज पहाटे त्याच जागी थांबत होता.

"घरात का नाही सांगितलं?" जमादारांनी विचारलं.

"मामंजींना वाटतं, वयाने विसरतात, एवढंच. लोकांना कळलं तर लाज वाटेल म्हणून ते त्यांना खोलीत कोंडून ठेवतील."

हे मला मराठीत सांगताना दुभाषी बाईंचा आवाज अडखळला. त्यांची आई पुण्यात होती, एवढं मला माहीत होतं.

दुपारी बागाईतदार परतले. जमादारांनी त्यांना चौकीत बोलावलं नाही, बागेतच गाठलं. मांडवाखाली दोघे उभे होते. सुनेने दिलेली कात्री जमादारांनी पुढे केली. मुठीला निळी चिंधी बांधलेली होती. म्हाताऱ्यांनी ती लगेच ओळखली. लग्न होऊन आल्यापासून त्यांची बायको ह्या मांडवाखाली त्याच कात्रीने छाटणी करत आली होती.

"तिला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"नदी चढते आहे," जमादार म्हणाले. "तेवढंच सांगायला आलो."

म्हाताऱ्यांनी कात्री हातात घेतली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मी चोर बाहेर शोधत होतो. आणि कुंपण पक्कं करत होतो. ती आतून किती धडपडली असेल." त्यांनी चेहऱ्यावर हात ठेवला.

फिर्याद त्यांनी त्याच संध्याकाळी मागे घेतली. दुसऱ्या दिवशी पावसात ते त्या तरुणाच्या घरी गेले आणि दारात कमरेत वाकून उभे राहिले. "आजोबा, आत या, भिजताय तुम्ही," तो जपानीतून म्हणत होता, पण ते बराच वेळ तसेच उभे होते. वादळाच्या त्या दोन दिवसांत सून आणि शेजारीण आळीपाळीने सासूबाईंजवळ बसल्या. खबर दिल्याबद्दल शेजारणीला फार लागलं होतं. जमादारांनी त्यांना सांगितलं, "तुम्ही पाहिलं ते सांगितलंत. तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्ही तिथे गेलोच नसतो."

पाणी ओसरल्यावर सगळे बांधावर जमले. नदीच्या खात्याचा माणूसही आला. कुंपण कोणाचं ह्यावर कोणीच वाद घातला नाही. हद्दीच्या आत बागाईतदारांनी तारा जोडल्या, मळ्याच्या बाजूने शेजारणीने. मधोमध एक लाकडी फाटक बसवलं आणि त्याच्या कुलपाची किल्ली म्हाताऱ्यांनी स्वतःकडे ठेवली.

परतायच्या आदल्या दिवशी मी सकाळी गस्तीबरोबर बांधावर गेलो होतो. ते नवरा-बायको फाटकातून बाहेर येत होते. दोघे गवतावर बसले. बाई नदीपलीकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी काहीतरी विचारलं, आणि म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं. दुभाषी बाईंनी ते मला सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, नाव कधी येणार? ते म्हणाले, आज वारा आहे, नावाड्याने नाव बांधून ठेवलीय. उद्या बघू. बाई समजूतदारपणे उठल्या, आणि त्यांचा हात धरून फाटकातून आत गेल्या.

पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या जिल्ह्यात बांधाच्या आणि कुंपणाच्या भांडणांच्या कितीतरी फिर्यादी आल्या. हद्द कुठे, खर्च कोणाचा, जबाबदारी कोणाची, हे सगळे प्रश्न खरे असतात आणि कायद्यात त्यांची उत्तरंही असतात. पण जागेवर गेलो की नकाशा उघडण्याआधी मी घरात जाऊन बसत असे. चहा घ्यायचा, घरात कोण कोण आहे ते विचारायचं. हाताखालचे लोक ह्याला साहेबांची सवय म्हणत. मी कधी खुलासा केला नाही.