गाडीखालचा आरसा

दादाला काय झालंय हे मला एका दुपारी, हॉस्पिटलमध्ये भेटायला सोडतात त्या वेळेत कळलं. मी वॉर्डात शिरलो तेव्हा तो फरशीवर पालथा पडलेला होता. डाव्या मनगटाला प्लास्टर, उजव्या हातात जेवणाचं स्टीलचं ताट. ते ताट तो शेजारच्या पेशंटच्या खाटेखाली सरकवत होता, मान वाकडी करून त्यात बघत होता आणि "ठीक. आगे," असं म्हणत पुढच्या खाटेकडे सरपटत होता. सदरा घामाने चिंब झाला होता. मी हाक मारली, तर माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघून म्हणाला, "साब, पीछे रहिए."

वहिनी डबा छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती. "भाऊजी, मले काहीच सुचून नाही राह्यलं," एवढंच ती बोलली.

तीन दिवसांपूर्वी दादा मोटारसायकलवरून घसरला होता. मनगटाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. दुखणं तेवढंच आहे अशी आमची समजूत होती.

संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञ आले. वयस्कर, मोजकं बोलणारे.

"आपण भाऊ का? काय करता?"

"सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सर."

"उत्तम. हे रोज किती पितात?"

"रोज नाही सर. कधीतरी, थोडी."

"थोडी पिणाऱ्याला तिसऱ्या दिवशी खाटेखाली काही दिसत नाही. पुन्हा विचारतो. किती?"

मी वहिनीकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला. "सकाळपासनं लागते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि मग आम्हाला सांगितलं: डेलिरियम ट्रेमेन्स. पुष्कळ वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांनी मेंदू बिथरतो. हातपाय थरथरतात, ताप येतो, नाही ते दिसतं. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जाऊ शकतो.

"ताटात काय बघत होते?" त्यांनी विचारलं.

मला तेव्हा जरा हसूच आलं. "सर, ते सिक्युरिटीत आहेत. गेटवर गाड्यांखाली आरसा फिरवतात. सवयीने करत असतील."

"आणि त्याआधी?"

"फौजेत होते, सर."

"फौजेत काम काय होतं?"

मला माहीत नव्हतं. सतरा वर्षं माझा सख्खा भाऊ फौजेत होता आणि तो तिथे नेमकं काय करतो हे मी कधी विचारलेलं नव्हतं.

आम्ही मेहकर तालुक्यातले. वडील जिनिंग फॅक्टरीत हमाल होते. दादा बारावीनंतर भरतीला पळाला आणि पहिल्या खेपेलाच निवडला गेला. त्याच्या पगारावर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो. बारावीला माझा कोचिंग क्लास त्याने लावला तेव्हा तो स्वतः कुठल्या डोंगरावर होता, देव जाणे. त्याची पत्रं यायची. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: "इकडील सर्व ठीक." ते वाचून आई पत्र देवाजवळ ठेवायची. पुढचं कुणी फार लक्ष देऊन वाचत नसे.

तो नायक या हुद्द्यावरून निवृत्त झाला तेव्हा मला पुण्यात नोकरी लागून तीन वर्षं झाली होती. हिंजवडीत एकामागून एक काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीच्या गेटवर शिस्तीचे, निवृत्त फौजी हवे असायचे. मी शब्द टाकला आणि माझ्याच आयटी पार्कच्या गेटवर दादाला काम मिळवून दिलं. मला फार आनंद झाला होता. आईला फोनवर सांगितलं, आम्ही दोघं भाऊ रोज एकाच गेटावर कामाला जातो. ते अर्धंच खरं होतं. मी आत जायचो, तो गेटावरच थांबायचा. लांब दांडीला लावलेला आरसा तो प्रत्येक गाडीखाली फिरवायचा, मग हात वर करून म्हणायचा, "ठीक आहे. जाऊ द्या."

"कसा आहेस, दादा?" मी जाता-जाता विचारायचो.

"सब ठीक," तो म्हणायचा.

नऊ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. तोवर डॉक्टर त्याच्याशी तीन वेळा बोलले होते. त्यांनी मला बाहेर बोलावून दुसरं नाव सांगितलं: पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. एखाद्या भयंकर प्रसंगातून माणूस सुटतो, पण त्याचं शरीर तिथेच राहतं. झोप लागत नाही, आवाजाने दचकायला होतं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येतो. "दारू हा नंतरचा आजार आहे," ते म्हणाले. "ती तुमच्या भावाने औषध म्हणून घेतली. मूळ आजार काय ते मला सांगत नाहीत. मी विचारतो, ते म्हणतात सब ठीक."

सोबत त्यांनी एक चिठ्ठी दिली. कोथरूडमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी निवृत्त सैनिकांसाठी ग्रुप कोचिंग. दादाने चिठ्ठी वाचली. "आता मले कोचिंग क्लास? कोणत्या परीक्षेले बसवतं रे?" असं म्हणून त्याने ती खिशात घातली. गेला नाही.

मग मी माझी चूक दुसऱ्यांदा केली. माणूस कामात गुंतला की सावरेल, असं मला वाटलं. सुपरवायझरला विनंती करून मी दादाला पुन्हा त्याच गेटवर उभं केलं.

दीड महिना गेला. एके दिवशी सकाळी साडेनऊला सुपरवायझरचा फोन आला. "सर, जरा खाली या. तुमचे भाऊ गाडी सोडत नाहीत."

गेटपासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न वाजत होते. दादा एका पांढऱ्या गाडीखाली आरसा धरून उकिडवा बसला होता आणि नुसता बघत होता. तोंडाला वास येत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आत जा," तो आरशातून नजर न काढता म्हणाला.

माझ्या टीममधला एक जण गाडीची काच खाली करून म्हणाला, "ओळखीचे आहेत का रे?"

"गावाकडचे आहेत," मी म्हणालो.

दादाने ते ऐकलं. तो उठला, आरसा माझ्या हातात दिला आणि रस्त्याच्या कडेने चालत गेला. मी गळ्यात आयकार्ड आणि हातात आरसा घेऊन उभा राहिलो. 'गावाकडचे आहेत' हे वाक्य आज लिहितानाही हात थांबतो. पण ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी मी लिहितोय, म्हणून हेही लिहायला हवं.

सुपरवायझरला पुन्हा विनंती करून मी त्याचं काम टिकवलं. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, "ते कोचिंग कुठं आहे म्हने?"

शाळेचा हॉल साधाच होता. गोलात मांडलेल्या नऊ खुर्च्या, मागे घरच्यांसाठी एक रांग. ग्रुप चालवणारे जगताप साहेब निवृत्त सुभेदार होते. एके काळी तेही असेच खुर्चीत बसायला आले होते. फळ्यावर खडूने पाटी लिहिलेली होती: "येथे 'सब ठीक' म्हणू नये. म्हणणाऱ्याने सर्वांना चहा करावा."

मला ती गंमत वाटली. जगताप साहेबांनी समजावलं. फौजेत रिपोर्ट देताना हे दोन शब्द जिभेवर इतके बसतात की घरी आल्यावरही माणूस तेच बोलतो. इथे प्रत्येकाने फक्त खरा रिपोर्ट द्यायचा. दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. पुढच्या आठवड्यासाठी एक लहान गोष्ट ठरवायची आणि ती झाली की नाही ते येऊन सांगायचं. त्यालाच ते कोचिंग म्हणत.

पहिल्या दोन्ही रविवारी चहा दादानेच केला.

"चहा फक्कड करतोस रे नायक," जगताप साहेब म्हणाले. "असाच खोटं बोलत जा." सगळे हसले. दादाही हसला.

तिसऱ्या रविवारी त्यांनी सहज विचारलं, "सध्या काम काय करतोस?"

"गेटवर आहे, साहेब. गाड्या बघतो."

"कशाने बघतोस?"

"आरशानं. खालून."

गोलातल्या, एक हात नसलेल्या एका हवालदारांनी डोळे मिटून घेतले. मला अजून काहीच कळलं नव्हतं.

"फौजेत कुठल्या कामावर होतास?"

"रोड ओपनिंग, साहेब."

मग दादा बोलला. गाड्यांचा ताफा निघण्याआधी कुठे सुरुंग पेरलेला नाही ना, हे बघायला काही जवान पायी रस्ता तपासत पुढे जातात. कडेचे दगड, ताजी उकरलेली माती, रस्त्याखालच्या पाण्याच्या मोऱ्या. तपासून झालं की वायरलेसवर सांगायचं. मग ताफा निघतो.

"त्या दिवशी मोरीत वाकून पाह्यलं म्या. आत अंधार होता. बॅटरीचे सेल उतरले होते. मागून विचारून राह्यले होते, उशीर काऊन होते. म्या म्हटलं, सब ठीक." तो थांबला. "तिसरी गाडी होती, साहेब. तिच्यात तिघं होते."

एवढंच. आवाजही चढला नाही. मग तो खुर्चीवरून उठला आणि त्याने विचारलं, "साहेब, चहा मी करू?"

त्या दोन शब्दांसाठी तो दंड भरायला निघाला होता. कुणी हसलं नाही.

"आज नको," जगताप साहेब म्हणाले. "बस." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे गेटचं काम तुला कुणी लावून दिलं?"

"भावानं," दादा म्हणाला. त्याने मागे वळून बघितलं नाही. "चांगलं व्हावं म्हणूनच लावलं त्यानं."

रोज दोन-तीनशे वेळा मी माझ्या भावाला त्या मोरीत वाकायला लावत होतो आणि दोन-तीनशे वेळा त्याच्याकडून ठीक आहे म्हणून घेत होतो. वर त्याला विचारत होतो, कसा आहेस.

त्याच आठवड्यात त्याचं ते काम सुटलं. कारण सापडलं म्हणजे आजार गेला, असं मी धरून चाललो. माझं शिक्षणच तसं. पण तसं होत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. त्यानंतर दादा दोनदा प्याला. एकदा चार दिवस, एकदा अकरा. दुसऱ्या वेळेस डोळे पिवळे झाले. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, मग नंबर येईपर्यंत बाकावर बसणं. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "लिव्हर अजून सांभाळून घेतंय. फार दिवस घेणार नाही." वहिनीने दोघांसाठी आणलेली पोळी-भाजी तशीच परत गेली.

मी एकटाच जगताप साहेबांना भेटलो. "साहेब, मी काय करू?"

"रविवारी या. मागच्या रांगेत बसा."

"आणि?"

"आणि संपल्यावर खुर्च्या उचलू लागा."

मी चिडलो होतो. पण गेलो, बसलो, खुर्च्या उचलल्या. दादा कधी आला, कधी आला नाही. तो नाही आला तरी आम्ही जायचो, वहिनी आणि मी. तिथे पहिल्यांदाच मला कळलं की माझ्यासारखे हातपाय बांधलेले भाऊ आणि बायका पुष्कळ आहेत, आणि शेजारी नुसतं कुणी बसलं तरी श्वास नीट घेता येतो.

काम ग्रुपनेच शोधलं. मार्केट यार्डात फुलांच्या गाळ्यावर, माल उतरवून घ्यायचं. कांदा-बटाट्याकडेही जागा होती, तिला जगताप साहेबांनी नको म्हटलं. "बटाट्याचं पोतं आपटलं की हा भिंतीला चिकटेल," ते म्हणाले. "झेंडू कितीही उंचावरून टाका, आवाज होत नाही." इतक्या बारीक गोष्टीचा विचार मला पदवी असूनही सुचला नसता.

दादाने ठरवलेली लहान गोष्ट अशी: रोज सकाळी सातला गाळ्यावरून मला फोन करून एका वाक्याचा रिपोर्ट द्यायचा. ठीक हा शब्द वगळून. "आज हात थरथरून राह्यला." "रात्रभर जागा होतो." "वास आला रस्त्यात, पण पुढं निघून आलो." मी फक्त "बरं" म्हणायचो. कधी कधी वाटायचं, याने एकदा तरी ठीक म्हणावं, मला दिवसभर कामात लक्ष घालता येईल.

सलग सात महिने न पिता गेले. मग गेल्या मंगळवारी सातचा फोन आला नाही. साडेसात झाले, आठ झाले. मी बूट घालून दारात उभा होतो. सव्वाआठला वाजला.

"काल प्यालो," दादा म्हणाला.

मी खाली पायरीवर बसलो. सात महिने गेले होते. पुन्हा पहिल्यापासून. पण तो लपवत नव्हता, मोरीत अंधार होता तर अंधार होता असं सांगत होता. सतरा वर्षांच्या पत्रांत त्याने मला इतकं खरं काही लिहिलं नव्हतं. मला रडूही आलं आणि त्या शाळेच्या हॉलचे, त्या नऊ खुर्च्यांचे, वहिनीचे किती आभार मानू असंही झालं.

"येतो मी. तिथेच थांब," मी म्हणालो.

"थांबतो." मागे कुणीतरी शेवंतीचा भाव ओरडून सांगत होतं. "तू कसा आहेस?"

"मी ठीक," माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडून दादाचा आवाज आला, बसलेला, थकलेला, पण त्याचाच.

"रविवारचा चहा तुह्याकडं लागला."