दोरी पायाच्या अंगठ्याला

खोडाळ्याच्या आठवडे बाजारात सुकट विकणारी ती बाई मला कधीच आवडली नाही. आवाज म्हणजे फुटका भोंगा. तराजूचं पारडं आपटल्याशिवाय तिला वजन करता यायचं नाही. मागे बांबूंना जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत तिची नात आणि झोळीची दोरी हिच्या पायाच्या अंगठ्याला. गिऱ्हाइकाशी भांडता भांडता ती अंगठा हलवायची, आणि त्या कलकलाटात ती पोर गाढ झोपलेली असायची.

माझा आठ महिन्यांचा मुलगा दुपारी झोपायचं नाव घेत नव्हता. मी शिक्षिका, त्यामुळे सगळं वाचून केलेलं. काळे पडदे, ठरलेली वेळ. कुकरच्या शिट्टीला बंदी, सासूबाईंच्या खोकल्यालाही. आणि हा पडल्या पडल्या टक्क डोळ्यांनी दाराकडे बघायचा.

एकदा तो माझ्या कडेवर किरकिरत होता, तेव्हा तिनं विचारलंच, "बाई, दुपारचा झोपत नाय काय?"

मी ठसक्यात सांगितलं, "घरात आम्ही श्वाससुद्धा हळू घेतो."

ती फिसकन हसली. "तुमी सगली गप बसता, म्हणून पोराला वाटतं घरात काय तरी झालंय. ते जागं राहून बघतंय."

हिला काय कळतंय, म्हणत मी घरी आले. दुसऱ्या दुपारी चिडून कुकर लावला. सासूबाई मनसोक्त खोकल्या. तिसऱ्या शिट्टीला मुलगा झोपला.

पुढच्या बाजारी मी सुकट दुसरीकडून घेतली. तिनं विचारलं असतं ना, आता झोपतो का म्हणून.